रुग्णालयाच्या वॉर्डातल्या चुका शून्यावर आणण्याचा खात्रीचा उपाय

बढती मिळाली, आता तुम्ही साहेब. खुर्चीत बसल्याबसल्या पहिलं काम करा: चूक नोंदवायचा फॉर्म बदलून घ्या. ‘काय घडलं’ हा रकाना तळाला ढकला आणि सगळ्यात वर ‘जबाबदार कर्मचारी’ टाका. दोन-चार मेमो निघाले की फॉर्म यायचे आपोआप बंद होतात. मग क्वालिटीच्या मीटिंगमध्ये शून्याचा आलेख दाखवा. टाळ्या पडतात, वर समोसा.

समजा, रात्री दोनला सिस्टरने इन्सुलिन दिलं. कुपी मिलीला १०० युनिटवाली, सिरिंज मात्र लाल टोपीची, म्हणजे ४० ची. १० च्या रेघेपर्यंत ओढलं की पाव मिली भरतं आणि पेशंटला १० ऐवजी २५ युनिट जातात. पहाटे घाम, थरथर, साखर तळाला. आता खोलात गेलात तर काय दिसेल? दोन्ही सिरिंजा एकाच ट्रेमध्ये, नारंगी टोपीच्या, म्हणजे १०० च्या, संपलेल्या, आणि त्यांचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, तुमच्याच टेबलावर सहीसाठी पडलेलं. म्हणून खोलात जायचंच नाही. मेमो काढा, ‘निष्काळजीपणा’ शब्द ठळक टाईप करा. पुढच्या वेळी सिस्टर गुपचूप ग्लुकोज चढवेल, केसपेपरवर अक्षर लिहिणार नाही. तुमचा शून्य शाबूत.

मनुष्यबळाचं टेन्शन घेऊ नका. भारतीय परिचर्या परिषद म्हणते, शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका, इतरत्र ५ मागे १, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव. म्हणू दे. विद्यार्थिनी मोजा, दिवसभर रजिस्टरं भरणाऱ्या इन्चार्ज मोजा, बाळंतपणाच्या रजेवरचीलाही मोजा. कागदावर बसतंच.

ड्युटी लिस्ट शनिवारी रात्री उशिरा ग्रुपवर टाका. इव्हिनिंग उरकून अकराला बदलापूरला पोचलेल्या सिस्टरला दुसऱ्या दिवशी सकाळी सातची मॉर्निंग लावा. पावसात सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की मॉर्निंगवाल्या अडकतात. मग नाइटवालीला थांबवा आणि ग्रुपवर हात जोडलेला इमोजी पाठवा. त्या जादा तासांचा हिशेब मागणारी ‘टीम प्लेयर नाही’ असं तिच्या गोपनीय अहवालात लिहिता येतं. ओव्हर द्यायला, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटांची माहिती सोपवायला, वेळ तर मुळीच धरू नका. मॉर्निंग दोनला संपते, इव्हिनिंग दोनला लागते, चाळीस पेशंटांचा ओव्हर मधल्या शून्य मिनिटांत. कुणाचं रक्त लावायचं राहिलं, कुणाला पेनिसिलिनची अॅलर्जी आहे, हे पेशंटच्या नातेवाईकांना विचारावं, ते जागेच असतात.

ऑपरेशनच्या चेकलिस्टचं सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ती आणली तेव्हा तीन थांबे ठेवले: भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी. सर्जनला एवढा वेळ कुठला? टाके पडल्यावर एकाच पेनाने सगळ्या टिका मारून घ्या.

राहता राहिली तपासणी. मावशींकडून हात धुण्याच्या पायऱ्या पाठ करून घ्या, धडाधड म्हणतात. त्या दिवशी सिंकवर साबण ठेवायचा. तपासणीवाले लिफ्टमध्ये शिरले की उचलून पुन्हा स्टोअरच्या कपाटात, किल्ली तुमच्याकडे.