सॅटच्या ग्रामरचे ‘सहा हमखास नियम’ पोरांना पाठवू नका

‘अमेरिकेला जाणाऱ्या मुलांसाठी: सॅटच्या ग्रामरचे सहा हमखास नियम’ हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. सॅट म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा. माझ्या भाचीने त्याची प्रिंट काढून टेबलासमोर चिकटवलीये आणि तिची परीक्षा तोंडावर आलीये, म्हणून आता गप्प बसवत नाही. हे नियम कुठल्या परीक्षेचे आहेत ते तरी एकदा बघा.

नियम पहिला: ‘वाक्य मनात वाचा, कानाला बरोबर वाटेल ते उत्तर.’ सगळ्यात घातक हाच. अहो, ‘इट्स’मध्ये अ‍ॅपॉस्ट्रॉफी आहे की नाही हे कानाला कसं कळणार? दोन्हीचा उच्चार एकच. आणि आपल्या पोरांचा कान घडलाय मराठीवर. ‘रस्त्याने चालताना देऊळ सुंदर दिसलं’ हे आपल्याला अजिबात खटकत नाही, कोण चालतंय ते आपण समजून घेतो. तेच इंग्रजीत ‘वॉकिंग डाउन द रोड, द टेम्पल लुक्ड ब्युटिफुल’ केलं की देऊळच रस्त्याने चालायला लागतं, आणि सॅटमध्ये नेमकं हेच विचारतात. कॉमानंतर लगेच चालणारा माणूस यायला हवा, ‘आय सॉ द टेम्पल’ असं काहीतरी. कान ही चूक पकडणारच नाही. तसंच ‘द कलेक्शन ऑफ ओल्ड कॉइन्स’च्या पुढे ‘वेअर’ गोड वाटतं कारण कानात शेवटचं ‘कॉइन्स’ घुमत असतं, पण कर्ता ‘कलेक्शन’ आहे, एकवचनी, म्हणून ‘वॉज’. इथे कर्ता शोधायचा असतो, कान लावायचा नसतो.

नियम दुसरा: ‘जिथे श्वास घ्याल तिथे कॉमा.’ हा कोणी शोधून काढला देव जाणे. मराठीत ‘पाऊस उशिरा आला, लोकांनी पेरणी लांबवली’ असं आपण सर्रास लिहितो. सॅटमध्ये समजा ‘द रेन्स केम लेट दॅट इयर’ आणि ‘फार्मर्स पोस्टपोन्ड सोइंग’ ही दोन वाक्यं जोडायची आहेत. चार ऑप्शन असतात: नुसता कॉमा, काहीच नाही, कॉमाशिवाय ‘अँड’, आणि सेमीकोलन. श्वास ‘इयर’नंतरच घेतला जातो, मग पोरगी कॉमा टिक करणार आणि मार्क जाणार, कारण दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडलेली तिथे चालत नाहीत. उत्तर सेमीकोलन. उलट ‘द विमेन हू सेल फिश अ‍ॅट द मार्केट’ एवढं लांब म्हटल्यावर दम लागतो, पण त्यापुढे लगेच ‘वेक अप अर्ली’ हे क्रियापद आहे, कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये एकटा कॉमा घालायचाच नाही. म्हणजे हा नियम दोन्हीकडून खड्ड्यात घालतो.

आणि हे दोन विषय म्हणजे काही कोपऱ्यातले प्रश्न नाहीत. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने स्वतःच छापलंय की ‘रीडिंग अँड रायटिंग’ या इंग्रजीच्या विभागातल्या 54 प्रश्नांपैकी साधारण 11 ते 15 ‘स्टँडर्ड इंग्लिश कन्व्हेन्शन्स’चे, म्हणजे व्याकरण-विरामचिन्हांचे, आणि त्याचे भाग दोनच: वाक्यांच्या सीमा, आणि रूप-रचना-अर्थ. म्हणजे वर सांगितलं तेच.

तिसरा, ‘सगळ्यात छोटा ऑप्शन बरोबर.’ बरं, यात थोडं तथ्य होतं. जुन्या कागदी परीक्षेत एकच गोष्ट दोनदा सांगणारी वाक्यं कापायला सांगायचे, तिथे आखूड उत्तर बऱ्याचदा लागू पडायचं. आता बहुतेक वेळा चारही ऑप्शन जवळपास सारख्याच लांबीचे असतात, मोजणार काय?

चौथा, ‘नो चेंज शक्यतो निवडू नका.’ डिजिटल सॅटमध्ये तो ऑप्शनच नाही! भारतातली पोरं मार्च 2023 पासून कॉम्प्युटरवर परीक्षा देतायत, छोटा उतारा, एक रिकामी जागा, चार ऑप्शन, संपलं. इथेच कळतं की फॉरवर्ड जुन्या पुस्तकातून उचललाय.

पाचवा, ‘बीइंग दिसलं की काट मारा.’ ‘डिस्पाइट बीइंग टायर्ड’ यात काय चूक आहे? सोडून द्या.

सहावा मात्र सोडता येत नाही: ‘खात्री नसेल तर कोरं सोडा, चुकीला मार्क कापतात.’ कापत नाहीत. ती पद्धत 2016 लाच गेली. पोरं या एका ओळीपायी येत असलेल्या प्रश्नांनाही घाबरतात. चारातले दोन ऑप्शन उघड चुकीचे दिसले तर उरलेल्या दोनातून एक ठोकून द्या. पहिल्या मॉड्यूलची, म्हणजे या विभागाच्या पहिल्या अर्ध्या भागाची, 32 मिनिटं संपली की मागे जाता येत नाही, तेव्हा शेवटच्या मिनिटाला जे काही कोरं राहिलं असेल त्या प्रत्येकावर टिक करूनच टाकायची.