आगगाडीसाठी आगबोट

अलास्काच्या क्रूझला निघालाय? छान. आता कुठली बोट घ्यायची यावर डोकं शिणवू नका. स्कॅगवे म्हणून हजार-बाराशे वस्तीचं गाव आहे, तिथून डोंगरात एक जुनी आगगाडी जाते. ज्या सहलीच्या कागदावर ती गाडी ठळक अक्षरात दिसेल ती बोट घ्यायची, विषय संपला. बोट कुठून सुटते, कुठं कुठं थांबते, असल्या चौकशा करणाऱ्यांना आयुष्यात मजा करता येत नाही. मी एकही चौकशी केली नाही. गेल्या जुलैत सात दिवस जाऊन आलो आणि आल्यापासून हे लिहायचं म्हणतोय.

सल्ला मात्र जाणकाराचा घ्या. प्रत्येक घरात एक साडू असतोच. आमचे साडूभाऊ रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारतात आणि फेरी संपेपर्यंत दोन-तीन देश निकालात काढतात. "स्कॅगवेची गाडी नसंल तर अलास्का केलं म्हणून कुणाला सांगू नका," असं ते म्हणाले. चारधाम करतात तसं अलास्काही 'करायचं' असतं, हे मला तेव्हा कळलं.

गाडी चांगली आहे, खोटं कशाला बोलू? व्हाइट पास अँड युकॉन रूट तिचं नाव. क्लोंडाइकला सोनं सापडलं म्हणून १८९८ मध्ये काम सुरू झालं आणि १९०० मध्ये रूळ पुरे झाले. त्याआधी सोन्याला निघालेल्या लोकांची सुमारे ३,००० ओझ्याची जनावरं त्या वाटेवर मेली, दरीला नावच मेलेल्या घोड्यांचं पडलंय. समुद्रकाठावरून वीस मैलांत गाडी २,८६५ फुटांवर जाते. (आपलं महाबळेश्वर दीडपट उंच आहे. पण तिथं जायला व्हिसा लागत नाही, म्हणून कौतुक नाही.) रूळ तीन फुटी. आमच्या मिरज–पंढरपूरच्या बार्शी लाइटचे अडीच फुटी होते. सहा इंचांसाठी मी निम्मी पृथ्वी ओलांडली.

वर जाऊन परत यायला साधारण तीन तास लागतात. सात दिवसांचे तास होतात १६८. उरलेल्या १६५ तासांचं काय करायचं ते साडूंना विचारा.

बाल्कनीची खोली घेऊ नका, गाडीला खिडकी आहेच.

सिॲटलहून सुटून सिॲटललाच परतणारी बोट मिळाली तर सोडूच नका. परदेशी झेंड्याच्या बोटीनं अमेरिकेतून निघून फिरून तिथंच परतायचं असेल, तर मध्ये एखाद्या परक्या बंदराला लागावंच लागतं. कायदा १८८६ सालचा, अजून चालू आहे. म्हणून ती बोट शेवटी संध्याकाळची व्हिक्टोरियाला टेकते, आणि व्हिक्टोरिया कॅनडात. म्हणजे अमेरिकेचा व्हिसा काढून झाल्यावर वर कॅनडाचाही. म्हणजे पुन्हा मुंबई. मुंबईच्या गाडीचं वेटिंग आणि हायवेचं काम याबद्दल मी कोल्हापूरकरांना काय सांगू?

खिडकी डावीकडचीच धरा. चढताना दरी डावीकडं असते, हे साडूंनी मला सतरा वेळा बजावलं होतं. आम्हाला उजवी मिळाली. त्यावरून त्या डब्यात माझी आणि हिची जी जुंपली ती सगळ्या डब्यानं ऐकली. भाषा कळत नव्हती म्हणून वाचलो. वर गेल्यावर समजलं की उतरताना बाजू बदलायला सांगतात, सगळ्यांना दरी मिळते. पण दरी होती कुठं? धुकं होतं. पांढरं, जाड, काचेला चिकटलेलं. आत माणसांच्या वाफेनं काचा भरलेल्या, बाहेर पाऊस. गाइड बाई लाउडस्पीकरवर सांगत होत्या, आता धबधबा, आता जुना पूल, आणि आम्ही सगळे माना वळवून एकाच पांढऱ्या रंगाकडं बघत होतो. असलं धुकं मी आंबोलीत फुकट बघितलंय, भाजलेलं कणीस हातात घेऊन!

तेही चाललं असतं. पण समोरच्या बाकावर एक जोडपं होतं. सांगलीचं. (कोल्हापूरकराला परदेशात सांगलीचा माणूस भेटणं म्हणजे काय, ते सांगत बसत नाही.) ते दुसऱ्याच बोटीचे होते. गाडीचं तिकीट त्यांनी परस्पर रेल्वेकडूनच काढलेलं. "उद्या आमची बोट ग्लेशियर बेमध्ये, हिमनद्यांच्या खाडीत," त्या बाई म्हणाल्या. "तुमची?"

हिनं माझ्याकडं बघितलं.

टूरच्या ऑफिसात आमच्यासमोर दोन कागद होते. दोन्ही बोटी स्कॅगवेला लागणाऱ्या. एकीवर ग्लेशियर बे होतं, दुसरीवर नव्हतं, पण दुसरीवर 'डोंगररेल्वे समाविष्ट' असं लाल अक्षरात होतं. मी साडूंना फोन लावला आणि लाल अक्षरांवर सही केली.

आता सरळच बोलतो. अहो, ती गाडी कुठल्याच बोटीची नाही! स्कॅगवेला जी बोट लागेल तिच्यातला कुणीही उतरावं, तिकीट काढावं, बसावं. बोटीनं तिथं लागलं पाहिजे आणि चार-पाच तास थांबलं पाहिजे, एवढंच बघायचं असतं. ग्लेशियर बेचं तसं नाही. तिथं दिवसाला दोनच मोठ्या बोटी सोडतात, त्याही ठरलेल्या कंपन्यांच्या. ते तुमच्या बोटीच्या कागदावर नसेल तर नाही, बंदरावर उतरून तिकीट काढून मिळत नाही. हिमनदीसाठी बोट निवडावी लागते, गाडीसाठी नाही. हे त्या ऑफिसातल्या पोराला माहीत नव्हतं? होतं. मी विचारलं का? नाही. हिनं वर्षभर एकच सांगितलं होतं, बर्फाचा कडा समुद्रात कोसळताना बघायचाय. तिला मी काय दाखवलं? जुनोला तळ्यापलीकडून मेंडेनहॉल हिमनदी, लांबून, छत्रीखालून.

आणि डोंगरातल्या गाडीची एवढी हौस असलेल्या किती कोल्हापूरकरांनी मिरजेतून पुढं लोंढा, कॅसल रॉक करत पावसाळ्यात दूधसागर बघितलाय? तिथंही ३७ फुटाला एक फूट चढ आहे. ते नको, त्याचे फोटो कुणी बघत नाही. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेलाइन झाली की घाटातली गाडी दारातच येईल म्हणा. हसू नका.

आल्यावर साडूंकडं गेलो. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "डावीकडं बसलात न्हवं?" मी म्हटलं, "तुम्ही कधी बसलात त्या गाडीत?"

बसलेच नाहीत. व्हिडिओ बघितलेला मोबाइलवर. तोही अर्धा, मध्ये जाहिरात लागली म्हणून बंद केला म्हणे.