यजमान आहोत हे विसरतो कसं आपण?

आपल्याकडे वर्ल्डकप असला की दरवेळी हेच होतं आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. जिंकतोय तोवर देश महान, हरलो की सगळं सुतकात! २०२३ ची फायनल आठवा, १९ नोव्हेंबर, अहमदाबाद, सलग १० मॅच जिंकून आलेली आपली टीम, अख्खं स्टेडियम निळं, आणि ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने १३७ मारले, काय खेळला तो माणूस, पण त्याने शतकाची बॅट वर केली तर टाळ्या कुठे? लोक नुसते मान खाली घालून बसलेले. त्यांचा कॅप्टन कमिन्सच्या हातात कप आला तोवर तर स्टँडच्या स्टँड रिकामे. अरे पाहुणा आलाय ना आपल्या घरी, जिंकलाय तो, दहा मिनिटं थांबता येत नाही?

वाईट मलाही वाटलं, घास उतरला नाही त्या रात्री. पण दीड महिना गालावर तिरंगा रंगवून फिरायचं आणि शेवटी पाठ फिरवायची, याला देशप्रेम कसं म्हणू? १९९६ च्या वर्ल्डकपला कोलकात्यात ईडनवर तर बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली, सेमीफायनल श्रीलंकेला देऊन टाकावी लागली, आजही ते फुटेज बघवत नाही.

आणि याच देशात १९९९ ला चेन्नईत आपण टेस्ट १२ रनांनी हरलो, सचिन १३६ करून आउट झालेला, समोर पाकिस्तान, तरी ती टीम ग्राउंडला चक्कर मारायला निघाली तेव्हा अख्खं चेपॉक उभं राहून टाळ्या वाजवत होतं. ती पण आपलीच माणसं होती ना?