‘रातोरात, न सांगता बदललं’ या एक स्टार अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. काल दिवसभर उत्तर लिहायचं टाळलं, कारण काल लिहिलं असतं तर ते रागात लिहिलं गेलं असतं. ऐन कामात तुमचा खोळंबा झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. माफी मागते.

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून सांगते. आमची साइट युनिकोड (म्हणजे मोबाईलवर, इंटरनेटवर सगळीकडे चालणारा) मजकूर कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये आणि उलट बदलून देते. लेखक व्हॉट्सॲपवर मोबाईलवरून कथा पाठवतात, ती युनिकोडमध्ये असते. डीटीपीवाल्यांकडे, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावणाऱ्यांकडे, अजून पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर चालतं आणि पेजमेकरला युनिकोड मराठी कळत नाही. मधला पूल म्हणजे आम्ही. साहेबांनी लिहिलंय, "दहा वर्षं छान चाललेली साइट रातोरात, कुणाला न सांगता बदलून टाकली. बटणच गायब. तीन तास वाया गेले. 'दऱ्या'च्या 'दर्या' झाल्या. ऐन दिवाळी अंकाच्या घाईत हा उद्योग कशाला? पैसे उकळायचे धंदे. फोन केला तर ऑफिसातली बाई उर्मट."

सगळ्याकडे येते. पण आधी ते 'न सांगता'.

साहेब, आम्ही नारळी पौर्णिमेला साइटवर पिवळी पट्टी लावली. सगळ्यात वर, लोगोच्याही वर. तिच्यावर लिहिलं होतं, "अनंत चतुर्दशीनंतर साइटचं रूप बदलणार आहे. नवं पान आत्ताच वापरून पाहण्यासाठी इथे दाबा." नारळी पौर्णिमा ते अनंत चतुर्दशी म्हणजे एक दिवस कमी महिना. एवढे दिवस ती पट्टी तिथे होती. पिवळा रंगसुद्धा मी मुद्दाम निवडला. भाचा म्हणत होता की राखाडी ठेवू, डोळ्यांना बरं वाटतं. मी म्हटलं, डोळ्यांना बरं वाटायला नकोय, खुपायला हवंय. वर्गणीदारांना दोन मेल गेले. एक पट्टी लावली त्या दिवशी आणि एक गौरी जेवणाच्या दिवशी, म्हणजे माझ्या घरी पंगत बसलेली असताना. तुमच्या खात्यातून पट्टीवरची फुली चौथ्याच दिवशी दाबलेली आहे. एकदा फुली मारली की पट्टी पुन्हा दिसत नाही, नाहीतर लोक वैतागतात. त्यानंतर त्या महिन्यात तुम्ही साइटवर १९ वेळा आलात.

(हे वाचून भाचा म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईकाच्या खात्याची माहिती अशी चव्हाट्यावर टाकायची नसते." बरोबर आहे त्याचं. तुमचं नावगाव कुठे लिहिलेलं नाही. पण 'न सांगता' हेसुद्धा चव्हाट्यावरच लिहिलंय ना.)

आता 'रातोरात'. हे मात्र शब्दशः खरं आहे. बदल रात्री दोन वाजता केला. आम्ही मिरजेचे. बाहेर विसर्जनाची मिरवणूक चालू होती, खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि आम्ही मावशी-भाचे फाइली चढवत होतो. रात्री दोनला केला, कारण त्या वेळी साइटवर सगळ्यात कमी माणसं असतात. दिवसा दुपारी केला असता तर निम्म्या महाराष्ट्रातल्या डीटीपी ऑपरेटरांची पानं मधेच अडकली असती, आणि मग तुम्ही 'भरदुपारी' लिहिलं असतं.

आणि हीच तारीख का, तर जिच्या सर्व्हरवर आमची साइट आहे त्या कंपनीने कळवलं होतं की ३० सप्टेंबरनंतर जुनं पीएचपी (साइट ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलीय तिची जुनी आवृत्ती) बंद. आमची साइट ५.६ वर होती. त्या ५.६ चा अधिकृत आधार ३१ डिसेंबर २०१८ लाच संपलाय. म्हणजे इतकी वर्षं आम्ही पडक्या वाड्यात बिनभाड्याचं राहावं तसे राहत होतो. शेवटी वाडा सोडावाच लागला. उन्हाळ्यात का नाही केलं, असं तुम्ही म्हणाल. उन्हाळ्यात कंपनीची नोटीस आली नव्हती, आणि नोटीस आल्याशिवाय आपल्याकडे कोण हलतं? मीही नाही हलले. ती चूक माझी. पण दिवाळी अंकवाल्यांचा विचार केला नाही असं म्हणू नका. मुदत ३० ची असताना आम्ही तेवढ्याचसाठी आधी केलं, की शेवटच्या आठवड्यात तुमची पानं अडकू नयेत. शिवाय पुढे पितृपक्ष लागत होता. पितृपक्षात साइट बदलली असती तर फोनवर काय काय ऐकावं लागलं असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आता बटण. बटण गायब नाही साहेब, बटणाची गरजच गेली आहे. पूर्वी वरच्या चौकटीत मजकूर टाकायचा, मधलं हिरवं 'बदला' दाबायचं, मग खालच्या चौकटीत बदललेला मजकूर यायचा. आता वर पेस्ट केलं की खाली आपोआप बदलून येतो. तुम्ही तीन तास जे बटण शोधत होतात त्याचं काम खाली केव्हाच झालं होतं.

हे लिहिताना मला वाटलं होतं की इथे तुम्ही हरलात. पण मघाशी मी टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या जुन्या मॉनिटरवर साइट उघडून बघितली. खालची चौकट दिसतच नाही. वरची चौकट नव्या रूपात इतकी मोठी झालीय की खालची पडद्याच्या बाहेर जाते, आणि पडदा खाली सरकवा असं कुठेही लिहिलेलं नाही. भाच्याचा मॉनिटर सत्तावीस इंची आहे, त्याला सगळं दिसतं. तेव्हा या बाबतीत तुमचं बरोबर. चौकट लहान करायला सांगितलंय. 'जुनं पान' अशी लिंक महिनाअखेरपर्यंत सगळ्यात खाली ठेवली होती, तुम्ही फोन केलात त्या रात्रीही ती चालू होती. पण ज्याला खालची चौकट दिसली नाही त्याला त्याच्याही खालची लिंक कुठून दिसणार. अक्षरंही बारीक होती.

सवय म्हणजे काय ते मला माहीत आहे, साहेब. वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट मी चालवते. २००७ चं वर्ड आलं तेव्हा वरचे सगळे मेनू जाऊन ती रिबन आली आणि 'फाइल'च्या जागी एक गोल चकती आली. वर्गात तीस मुलं आणि सगळी एका सुरात, "मॅडम, फाइल कुठे गेली?" ती चकती म्हणजे शोभेचं चित्र आहे, असं समजून कुणी तिला हातच लावत नव्हतं. मी खडूने फळ्यावर गोल काढून बाण दाखवला होता. तो बाण कित्येक महिने पुसला नाही. २०१० च्या आवृत्तीत त्यांनी 'फाइल' परत आणलं. भाचा सांगतो, स्नॅपचॅटने २०१८ साली रूप बदललं तेव्हा जुनं परत आणा म्हणून बारा लाखांवर लोकांनी सह्या केल्या होत्या. आमच्याकडे बारा लाख माणसं आली तर सर्व्हरच बसेल. पण त्या कंपन्यांना एक स्टार पडला तर त्यांच्या घरची चूल थांबत नाही. आमच्याकडे दोन पगार आणि आईची औषधं या साइटवर चालतात.

'दऱ्या'च्या 'दर्या' झाल्या, ही चूक आमचीच आहे आणि मला त्याची खरी लाज वाटते. बटणाची नाही वाटत तेवढी. सह्याद्रीतल्या भटकंतीवरचा लेख, त्यात प्रत्येक पानावर समुद्र! युनिकोडमध्ये हा 'ऱ्या' वेगळ्या र पासून बनतो, खाली टिंब असलेल्या. साधा र घेतला की तो य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. म्हणूनच 'आचाऱ्यांना जेवण वाढलं' आणि 'आचार्यांना जेवण वाढलं' यात माणसंच बदलतात. जुन्या साइटमध्ये हा नियम मी स्वतः हाताने घातला होता. नवीन लिहिताना कुठल्या अक्षराचं काय करायचं याचा तक्ता उतरवून घेतला त्यात ती एक ओळ राहिली. तुमच्या तक्रारीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुरुस्त केली. अभिप्रायात ती दुरुस्ती आली नाही, पण ठीक आहे.

तो तक्ता काय चीज आहे तेही सांगते, कारण 'उद्योग कशाला' हे वाक्य मला झोपू देत नाही. युनिकोडमध्ये 'कि' लिहिलं की आधी क साठवला जातो, वेलांटी मागून. कृतिदेवमध्ये उलटं. आधी ऱ्हस्व वेलांटी, ती इंग्रजी 'एफ'च्या कळीवर, मग क, तो 'डी'वर. कारण कृतिदेवची मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरवरून आलेली, आणि टाइपरायटरवर कागद डावीकडे सरकत जातो, तेव्हा जे आधी दिसतं ते आधी मारायचं. वडील मुलांच्या बोटांवर पट्टी मारून हे शिकवायचे. रफाराचं याच्या बरोब्बर उलट. प्रत्येक जोडाक्षर, प्रत्येक अर्धं अक्षर, 'क्ष'चे दोन तुकडे, 'श्र', 'ह्म', असं एक एक करून २०१२ पासून हा तक्ता बनवलाय. शिवाजीचा वेगळा, श्रीलिपीचे तर कितीतरी. हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही. नव्या साइटमध्ये रंग, बटणं, चौकटी बदलल्या असतील, तक्ता तोच आहे. एक ओळ वगळता.

पैशाचं म्हणाल तर वर्गणी २०१९ साली वर्षाला ४९९ रुपये होती, आजही ४९९ आहे. दिवसाला दोन हजार शब्दांपर्यंत फुकट तेव्हाही होतं, आजही आहे. याहून जास्त बोलत नाही.

फोनचं. तुम्ही रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी फोन केलात. मी "सकाळी दहानंतर करा" म्हटलं आणि ठेवला. आवाज चढला असेल. शेजारच्या खोलीत आईला नुकती झोप लागली होती आणि तुम्ही 'हॅलो'च्या आधी "बटण कुठंय?" विचारलंत. तरी "उद्या नक्की बघते" एवढं म्हणायला हवं होतं, ते राहिलं. 'ऑफिसातली बाई' म्हणून जिची तक्रार मालकांकडे केलीत, ती मीच. ऑफिस वेगळं असं नाही, स्वयंपाकघराच्या अलीकडची खोली आहे.

पुढचं सांगते. हिरवं बटण परत ठेवायचं चाललंय, दाबलं नाही तरी मजकूर बदलेल पण दाबायला असेल. लहान मॉनिटरवर आधी तपासूनच इथून पुढे काही चढवू. पिवळ्या पट्टीला फुली मारली तरी ती आठवड्याने एकदा पुन्हा यावी असं करता येईल का, ते बघतोय. बाकी सुधारणाही लवकरच.

तुमचा अंक वेळेत छापून झाला असेल अशी आशा आहे. अजून पानं अडकली असतील तर मजकूर मेलवर पाठवा, मी स्वतः बदलून, 'दऱ्या' डोळ्यांनी तपासून परत पाठवते. त्याचे पैसे नकोत. अभिप्राय बदलायचा की नाही ते तुमच्यावर, मी काही म्हणणार नाही. फक्त 'न सांगता' हे दोन शब्द तेवढे काढता आले तर बघा.

फोन सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. एक ते दोन जेवणाची सुट्टी.