आमच्या शाळेच्या वाट्याची रॅम कुठे गेली?

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात वीस संगणक आहेत आणि त्या प्रत्येकात ४ जीबी रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी, आहे. ब्राउझरची दोन पाने उघडली की पडदा गोठतो, आणि पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटे मुले गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतात. एखादा संगणक सुरूच झाला नाही, तर रॅमची पट्टी बाहेर काढायची, तिच्या कडेचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, कण झटकायचे आणि पट्टी पुन्हा खाचेत दाबून बसवायची, हा उद्योग मी चार वर्षे करते आहे. गेल्या जूनमध्ये माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि वीसही संगणकांत ८ जीबीची पट्टी बसेल एवढे पैसे जमवून दिले. संस्थेची मंजुरी, तीन दुकानांची कोटेशने, पुन्हा मंजुरी असे करता करता डिसेंबर उजाडला, तेव्हा त्याच पैशांत आता सातच पट्ट्या येतील असे कळले. दुकानदाराने कोटेशनवर तारीख घातली आणि म्हणाला, "मॅडम, हा भाव आज संध्याकाळपर्यंतचा. उद्याचं मी काही सांगू शकत नाही."

त्या दुकानदारावर माझा राग नाही, कारण त्याला वरून जसा माल येतो तसाच तो देतो. राग आहे तो एआयच्या चिपसाठी जगभर चाललेल्या शर्यतीवर, आणि त्या शर्यतीची किंमत ज्यांच्याकडून वसूल होते आहे त्यांना कोणीही विचारले नाही यावर. या शर्यतीच्या बातम्यांत चिपची रचना करणारी एनव्हिडिया असते, त्या चिप बनवून देणारी तैवानची टीएसएमसी असते, चिप बनवायची नेदरलँड्समधल्या एएसएमएलची अजस्र यंत्रे असतात. त्या चिपच्या शेजारी खेटून बसवलेल्या मेमरीबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. २०२२ साली आलेल्या एनव्हिडियाच्या एच१०० चिपमध्ये ८० जीबी मेमरी होती, एच२०० मध्ये ती १४१ झाली आणि बी२०० मध्ये १९२. ही एचबीएम (हाय बँडविड्थ मेमरी) जातीची मेमरी आहे. तिच्यात मेमरीच्या आठ-आठ, बारा-बारा पातळ चकत्या एकावर एक रचतात आणि त्यांना आरपार भोके पाडून तांब्याने जोडतात. तेवढ्याच जीबीसाठी साध्या संगणकातल्या डीडीआर-५ रॅमपेक्षा सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते, हे मायक्रॉनने स्वतःच सांगितले आहे. म्हणजे तिकडे एक जीबी वाढली की इकडच्या जवळपास तीन जीबींची जागा जाते.

आणि ही मेमरी बनवणारे तरी किती आहेत? कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन, या तिघांच्या हाती जगातला बहुतेक सगळा धंदा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने पहिल्या दोघींशी प्राथमिक करार केला, त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतची, म्हणजे चिप ज्यांच्यावर घडवतात त्या सिलिकॉनच्या तबकड्यांची, गरज बोलून दाखवली गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस हायनिक्सने २०२६ च्या संपूर्ण उत्पादनाला आधीच गिऱ्हाईक मिळाल्याचे सांगितले. ३ डिसेंबरला मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. एकोणतीस वर्षे लोक ज्या नावाने दुकानात जाऊन रॅम मागत होते, ते नाव एका निवेदनात संपवले. आमच्या जुन्या संगणकांना लागते ती आधीच्या पिढीची डीडीआर-४, आणि तिचे उत्पादन आटोपते घेण्याचे तर या कंपन्यांचे आधीच ठरले होते.

हा मागणी-पुरवठ्याचा नियम आहे, असे मला समजावले जाते. २०२३ मध्ये मेमरीचे भाव कोसळून याच कंपन्यांना या धंद्यात मोठा तोटा झाला होता, हे मला मान्य आहे, आणि नवा कारखाना उभारायला वर्षे लागतात हेही मान्य आहे. पण याच धंद्यात भाव संगनमताने ठरवल्याबद्दल अमेरिकेत २००५ साली सॅमसंगला ३० कोटी डॉलर आणि हायनिक्सला १८.५ कोटी डॉलर दंड झाला होता. आज तसे काही चालले आहे असा माझा आरोप नाही. माल तिघांच्याच हातात असला आणि तिघांनाही एकाच बड्या गिऱ्हाइकाकडे वळण्यात फायदा दिसला, की संगनमताची गरजच उरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

सरकारांनी तर ही मेमरी शस्त्रासारखी वापरायला घेतली आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये चीनला एचबीएम विकण्यावर निर्बंध घातले आणि चीन ती स्वतः बनवण्याच्या मागे लागला. आपल्याकडे २०२२ च्या सप्टेंबरात वेदांत-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प महाराष्ट्रातून गुजरातेत गेला म्हणून रान उठले होते. पुढच्या जुलैत फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली आणि ज्या कारखान्यावरून एवढे भांडण झाले तो कुठेच उभा राहिला नाही. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, पण तिथे बाहेरून आलेल्या चिपची जुळणी आणि चाचणी होते. मेमरीचा वेफर आपल्या देशात बनत नाही, त्यामुळे भाव चढला की आपण फक्त कोटेशन हातात घेऊन उभे राहतो. आणि केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या मुलांना एआय शिकवायचे जाहीर केले आहे! कशावर शिकवायचे? ज्या यंत्रावर साधे चित्र उघडायला मिनिट लागते, त्याच्यापुढे तीन-तीन मुले बसवून?

सगळ्यात जास्त संताप येतो तो वर्गणी देणाऱ्यांच्या आठवणीने. त्यांच्यातला एक रिक्षा चालवतो. त्याने पाचशे रुपये दिले आणि म्हणाला होता, "बाई, आमच्या वेळी माऊसला हात लावायला मिळाला नाही, यांना तरी मिळू दे." त्याच्या पाचशे रुपयांची किंमत सहा महिन्यांत पावणेदोनशेच्या आसपास आली, आणि ती का आली हे त्याला सांगायला माझ्याकडे कोरियातल्या आणि अमेरिकेतल्या कंपन्यांची नावे तेवढी आहेत.

सात पट्ट्यांची ऑर्डर मी त्याच संध्याकाळी दिली, कारण दुसऱ्या दिवशी त्या सहा झाल्या असत्या. त्या दहावीच्या मुलांच्या संगणकांत बसवल्या आहेत. पाचवीची मुले उरलेल्या तेरा संगणकांवर बसतात, आणि खोडरबर अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.