‘रोज फक्त १ टक्का’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंट्राडेवर, म्हणजे शेअर त्याच दिवशी घेऊन-विकून, घर चालवण्याच्या लेखावर तुम्ही रोखठोक लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख उगाच घाबरवतो, सेबीचे (शेअर बाजाराच्या नियामकाचे) तोट्याचे आकडे नवशिक्यांचे आहेत, ५ लाख भांडवल, दिवसाला चार-पाच ट्रेड, रोज १ टक्का आणि कडक स्टॉप-लॉस (भाव ठरलेल्या पातळीपर्यंत उलटा गेला की बाहेर पडणं) एवढ्यावर महिन्याला लाखभर सुटतात, आणि तुम्ही पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन सहा महिन्यांत बस्तान बसवणार आहात.

आधी सेबीचं. जुलै २०२४ मध्ये आलेला अभ्यास एफ अँड ओचा (फ्युचर्स-ऑप्शन्सच्या करारांचा) नाही, रोख बाजारातल्या इंट्राडेचाच आहे. २०२२-२३ मध्ये १० पैकी ७ जण तोट्यात होते. हे सगळं नवखेपणामुळे झालं असतं, तर सारखा ट्रेड करणाऱ्यांचं चित्र बरं दिसायला हवं होतं. उलट वर्षाला ५०० पेक्षा जास्त ट्रेड करणाऱ्यांत ८० टक्के तोट्यात निघाले. ५०० म्हणजे दिवसाला जेमतेम दोन, आणि तुम्ही चार-पाच म्हणताय. त्याच अभ्यासात तोट्यातल्या मंडळींनी तोट्याच्या वर आणखी ५७ टक्के रक्कम नुसत्या खर्चात घातल्याचं दिसतं.

हा खर्च तुमच्या हिशेबात कुठेच नाही, म्हणून मांडून दाखवतो. ५०० रुपयांचे ४०० शेअर घेतले आणि त्याच दिवशी विकले, म्हणजे २ लाखांची खरेदी आणि तेवढीच विक्री. डिस्काउंट ब्रोकरचे प्रत्येक ऑर्डरला २० धरून ब्रोकरेज ४०. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी (व्यवहार कर), ५० रुपये. खरेदीवर मुद्रांक शुल्क ६. एक्स्चेंजचं शुल्क दोन्ही बाजूंचं मिळून १२ च्या आसपास, सेबीचे काही पैसे, आणि ब्रोकरेज व शुल्कांवर १८ टक्के जीएसटी, साधारण साडेनऊ. एकूण ११८. यात स्लिपेज, म्हणजे ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक, नाही. आत जाताना १० पैसे आणि बाहेर येताना १० पैसे घसरले, तर आणखी ८०. म्हणजे एका ट्रेडला १९८ रुपये. दिवसाला पाच ट्रेड आणि महिन्याचे २० दिवस धरले, तर १९,८००. भांडवलाच्या जवळजवळ ४ टक्के दर महिन्याला, आणि तेही एक रुपया कमावण्याआधी. ॲपच्या पोझिशनमध्ये दिसणारा हिरवा आकडा बहुतेक ठिकाणी हे शुल्क वजा न करताच दाखवतात. खरा आकडा संध्याकाळी येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये असतो. हिशेब तिथूनच लिहावा.

आता शिस्तीकडे येऊ. ती पूर्ण पाळली असं समजू. एका ट्रेडमध्ये अर्धा टक्का, म्हणजे २,५०० रुपयांहून जास्त जोखीम नाही. स्टॉप साडेपाच रुपये लांब, त्यात खर्चाचे ५० पैसे मिळवून ६. २,५०० भागिले ६ केल्यावर ४१६ येतात, म्हणून क्वांटिटी ४००. (क्वांटिटी स्टॉपवरून ठरते, मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडून उसनी पत, किती मिळतंय त्यावरून नाही. पाचपट मार्जिन मिळतं म्हणून २५ लाखांचा माल उचलणाऱ्याला २ टक्क्यांची उलटी हालचाल १० टक्के भांडवल खाऊन जाते.) १०० पैकी ४५ ट्रेड बरोबर, बरोबर ट्रेडमध्ये जोखमीच्या दीडपट कमाई, चुकलेल्यात एकपट तोटा. ही कामगिरी वाईट मुळीच नाही. सरासरी ट्रेडला जोखमीचा आठवा भाग सुटतो, २,२०० वर (४०० शेअर गुणिले साडेपाच रुपये) २७५ रुपये. त्यातून १९८ गेले की हातात ७७. महिन्याच्या १०० ट्रेडना ७,७००. करही अजून जायचाय.

म्हणून मी म्हणतो की प्रश्न शिस्तीपर्यंत पोचण्याआधीच भांडवल आणि खर्चापाशी अडतो. शिस्त पद्धतीत असलेला फायदा टिकवते. नसलेला आणून देत नाही. दिवसाला दोनच ट्रेड घेतले, १०० पैकी ४० च बरोबर आले, पण बरोबर आले तेव्हा दुप्पट मिळालं, तर ट्रेडला सरासरी ४४० सुटतात. १९८ वजा जाता २४२, आणि महिन्याच्या ४० ट्रेडना ९,६८०. निम्म्याहून कमी ट्रेड, तरी पैसे जास्त. तरीही लाख कुठेच दिसत नाहीत.

आणि रोज १ टक्का? वर्षात साधारण २४८ दिवस बाजार चालतो. रोज १ टक्का खरंच सुटत असेल आणि नफा आतच ठेवला, तर ५ लाखांचे वर्षात ५९ लाख होतात आणि तीन वर्षांत ८२ कोटी. असं कुणाचं होत नाही, यातच उत्तर आलं. रोजच्या टार्गेटचा खरा उपद्रव वेगळा आहे. बाजार थंड असलेल्या दिवशी ते भलत्या एंट्री घ्यायला लावतं आणि चांगल्या दिवशी चालता ट्रेड अर्ध्यात कापायला लावतं. दिवसाची मर्यादा हवीच, पण ती तोट्याची. तीन पूर्ण स्टॉप गेले की त्या दिवशी टर्मिनल बंद. बऱ्याच ब्रोकरांकडे आता किल स्विचची (त्या दिवसापुरतं ट्रेडिंग बंद करण्याची) सोय असते. मनावर भरवसा ठेवण्यापेक्षा ती वापरा.

‘स्टॉप लावला की तोटा ठरलेला’ हेही अर्धंच खरं. ५०० ला घेतलेल्या शेअरला ट्रिगर (ऑर्डर जागी होण्याचा भाव) ४९४.५० आणि लिमिट (त्याखाली न विकण्याचा भाव) ४९४ ठेवलं, आणि भाव ४९४.६० वरून थेट ४९३.२० ला आला, तर ऑर्डर तशीच लटकते आणि भाव खाली जात राहतो. एसएल-एम (स्टॉप-लॉस मार्केट) ऑर्डर बाहेर काढते, पण मिळेल त्या भावात. शॉर्ट केलेला, म्हणजे हातात नसताना आधी विकलेला, शेअर अपर सर्किटला (दिवसाच्या वरच्या भावमर्यादेला) लागला तर विकणाराच नसतो. तुम्ही कव्हर करू शकत नाही, माल द्यावा लागतो, तो नसल्यामुळे प्रकरण लिलावात जातं आणि तिथला भाव तुमच्या हातात नसतो. लोअर सर्किटला अडकलेल्या खरेदीची डिलिव्हरी घ्यावी लागते, आणि पाचपटीवर घेतलेल्या मालाचे पूर्ण पैसे खात्यात नसतात. यावरचा साधा उपाय म्हणजे ज्यांचे फ्युचर्स चालतात तेच शेअर इंट्राडेला घ्यायचे. त्यांना अशी ठरीव सर्किट मर्यादा नसते.

कराबद्दल एवढंच: इंट्राडेचा नफा सट्टा व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो. तोटा पगारातून वजा होत नाही, फक्त पुढच्या चार वर्षांतल्या अशाच नफ्यातून होतो.

राहिला तुमचा सहा महिन्यांचा बेत. वरच्याच ४५ टक्क्यांच्या हिशेबाने एखाद्या महिन्यात लागोपाठ आठ स्टॉप जाण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या घरात आहे, आणि वर्षातले चार-पाच महिने तोट्यात जाणं अगदी स्वाभाविक. पद्धत फायद्याची असूनही सहा महिन्यांनंतर, म्हणजे ६०० ट्रेडनंतर, चारातला एक जण उणेमध्ये असेल. त्याला पद्धत चुकीची वाटेल आणि तो ती बदलेल. घरखर्च त्याच खात्यातून निघत असेल तर भांडवल आणखी आटतं आणि क्वांटिटी कमी करावी लागते. म्हणून किमान वर्षभराचा घरखर्च आणि आरोग्य विमा ट्रेडिंगच्या खात्याबाहेर हवा.

राजीनाम्याऐवजी जमली तर बिनपगारी रजा घ्या आणि ४०० ऐवजी ४० शेअरनी सुरुवात करा. वहीत ठरवलेली एंट्री, मिळालेली एंट्री, ठरवलेला स्टॉप, खरी बाहेर पडण्याची किंमत आणि नियम पाळला की मोडला, एवढे रकाने पुरेत. मोडलेल्या ट्रेडची बेरीज वेगळी करा. एक लक्षात ठेवा: ४० शेअरवर शुल्क शेअरमागे ३० नव्हे, ५३ पैशांच्या आसपास पडतं, कारण ब्रोकरेज ०.०३ टक्के किंवा २० रुपये यांपैकी कमी ते असतं, एवढ्या छोट्या ऑर्डरला २० रुपयांच्या मर्यादेचा फायदा मिळत नाही आणि ते ०.०३ टक्क्यांनी लागतं. पद्धत तपासताना शेअरमागे हे २३ पैसे परत मिळवून बघा, नाहीतर चालणारी गोष्टही न चालणारी दिसेल.