‘सूत्रांनुसार’ लिहिलं की सुटलो?

भाच्याने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला, वर ‘मामा, सेव्ह करून ठेव’. तो तालुक्यात न्यूज पोर्टल चालवतो, म्हणून गप्प बसवेना. त्यात मुद्दे चार: ‘सूत्रांनुसार’, ‘कथित’ लिहिलं की अब्रुनुकसानी लागत नाही, पत्रकाराला विशेषाधिकार म्हणजे कायद्याचं खास संरक्षण असतं, माफी छापली की दावा मिटतो, पैशांचं नुकसान सिद्ध केल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

माफीचं आधी घेतो, घर बुडवणारं तेच आहे. २००८ साली टाइम्स नाऊने पीएफ घोटाळ्याच्या बातमीत न्या. सामंता यांच्याऐवजी सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला. नावांच्या सारखेपणातून झालेली चूक, पंधरा सेकंदांची. पुढे दिलगिरीची पट्टीही चालवली. तरी २०११मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटींची भरपाई ठरवली, आणि हुकुमाला स्थगिती हवी तर २० कोटी भरा, ८० कोटींची बँक गॅरंटी द्या, असं हायकोर्टाने सांगितलं. सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. रक्कम अवाच्या सवा होती, हे मलाही वाटतं. पण माफीने फार तर आकडा खाली येतो, दावा उडत नाही.

‘कथित’चं काय? दुसऱ्याचा आरोप छापला तरी छापणारे तुम्हीच. भाच्याच्या ताज्या बातमीत एका गटाचं तक्रारपत्र आहे, फेसबुकवरून उचललेला फोटो आहे, आणि ज्याच्यावर आरोप त्याला एक फोनसुद्धा नाही. तिथे ‘कथित’ दहा वेळा लिहिलं तरी काय उपयोग!

विशेषाधिकाराच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे, मान्य. राजगोपाल खटल्यात (१९९४) सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल वाजवी पडताळणी करून लिहिलेलं चुकलं, तरी भरपाई द्यावी लागत नाही. म्हणजे संरक्षण पडताळणीला आहे, प्रेसकार्डाला नाही. आकस दिसला की तेही गेलं. शेजाऱ्याच्या खासगी भानगडीला तर ते लागूच नाही.

चौथा मुद्दा सरळ चूक. लेखी बदनामीत नुकसान झालं असंच कायदा धरून चालतो. शिवाय फौजदारी बाजू राहतेच: भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. तिथे नुसतं ‘खरं होतं’ म्हणूनही भागत नाही, छापण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं.